हे चित्र खरंच सात वर्षांच्या मुलीचं आहे का? (फिलिपिन्समधली डब्याच्या दुधाची जुनी जाहिरात)

आंबटगोड
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीपायी सध्या मुक्काम मनिलात आहे. इथे केझॉन सिटीत कुबाओ एक्स्पो नावाची जागा आहे. पूर्वी तिथे चपलाबुटांची दुकानं होती, आता जुन्या तबकड्या, घड्याळं, मासिकं असला माल मिळतो. तिथे एका दुकानदाराकडे जुन्या इंग्रजी साप्ताहिकांतून सुटी केलेली जाहिरातींची पानं होती. त्यातलं एक घेऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

जाहिरात डब्याच्या दुधाची आहे, पूर्ण पानभर, रंगीत. गुटगुटीत बाळ नाही की हसरी आई नाही. मुलाने खडूने काढलेलं एक चित्र, बस्स. खांबांवर उभं बांबूचं घर, दोन डोंगर, डोंगरांच्या मध्ये सूर्य (हो, तोच सूर्य!), नारळाचं झाड आणि त्या झाडापेक्षा उंच आई. आईच्या एका हाताला सहा बोटं, दुसरा हात डब्यामागे. डावीकडे शिंगांची म्हैस. मधोमध दुधाचा डबा, जवळजवळ घराएवढा, त्याच्या खाली लाल-पिवळी फुलं. तळाशी मुलीचं नाव आणि 'वय ७'.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. प्रश्न दोन: हे खरंच मुलीने काढलंय की एजन्सीतल्या कुणा दाढीवाल्याने? आणि पान साधारण कधीचं असेल? तारखेचा कोपरा नेमका फाटलाय.

पॉपकॉर्न
फोटो?

आंबटगोड
टाकलाय वर. मुलीचं नाव झाकलंय, आज ती कुणाची तरी आजी असेल.

तिरकस
दाढीवाला. विषय संपला. सहा बोटं काढली की झालं बालचित्र, असं सगळ्या जाहिरातवाल्यांना वाटतं.

खडूफळा
एवढ्यात संपवू नका हो. इस्लामपूरला माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते, खालच्या वर्गांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. बोटांवर जाऊ नका, बोटं मोजून काढायची फिकीर त्या वयात कुणाला नसते, आणि हे नकला करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

मला दुसऱ्याच गोष्टी दिसल्या. जमिनीची रेघ कागदाच्या अगदी खालच्या कडेला आहे आणि घर, झाड, आई, म्हैस सगळे त्याच रेघेवर ओळीने उभे आहेत. साधारण सात ते नऊ वयात मुलं ही रेघ आपणहून मारायला लागतात. व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ सालच्या पुस्तकात या टप्प्याचं सविस्तर वर्णन केलंय, आम्हाला ते अभ्यासाला होतं. दुसरं, घराची भिंत आरपार दिसते. आत चटई आहे, चटईवर दोन माणसं झोपलीत. बाहेरून आतलं दिसत नाही याच्याशी मुलांना देणंघेणं नसतं, आत माणसं आहेत हे त्यांना माहीत असतं म्हणून ती काढतात. तिसरं, आई झाडाहून उंच, कारण आई महत्त्वाची.

माझं मत: मुलीचंच.

तिरकस
बाई, लोवेनफेल्ड एजन्सीवाल्यांनीही वाचला असेल की!

जुना_स्टुडिओ
आता मला बोलणं भाग आहे. मुंबईत एका एजन्सीच्या स्टुडिओत ऐन उमेदीची वर्षं काढली, कॉम्प्युटर येण्याच्या आधी. ब्रोमाइड, रबर सोल्यूशन, कटर, बटर पेपर यांच्या वासातच तारुण्य गेलं. 'मुलाने काढल्यासारखं चित्र द्या' अशी ऑर्डर आली की साहेब म्हणायचे, डाव्या हाताने काढ. आम्ही काढायचो, क्लायंट खूश व्हायचा. तेव्हा तिरकसरावांचा संशय अगदीच हवेतला नाही.

पण नकली बालचित्र पकडायची खूण सांगतो. मोठा माणूस वेडंवाकडं काढतो तेव्हा सगळीकडे सारखंच वेडंवाकडं काढतो. खरं मूल एका जागी जीव ओतेल आणि शेजारी कंटाळून नुसतं गिरबटेल. आणि दुसरी खूण, आमची हाडामांसी भिनलेली खोड: हेडलाइनसाठी जागा सोडणे. आभाळात कुठे छानसा रिकामा चौकोन सोडलाय का बघा. असेल तर दाढीवाला.

आंबटगोड
हेडलाइन चित्राच्या वर वेगळ्या पट्टीत आहे. आभाळ पक्ष्यांनी गच्च भरलंय, एक पक्षी तर कडेला अर्धा कापला गेलाय. म्हशीची शिंगं फार मन लावून काढलीत, आडव्या रेघांसकट. पाय मात्र चार काठ्या.

जुना_स्टुडिओ
मग मी खडूफळाबाईंच्या बाजूला. शिंगावरच्या वळ्या कोण काढतो? ज्याने म्हैस जवळून पाहिलीय तो.

दर्यावर्दी
अवांतर आहे पण लिहितोच. जहाजावर इंजिनाकडे असतो, आमचा अर्धाअधिक क्रू फिलिपिनो. या लोकांचं डब्याच्या दुधावर काय प्रेम! कॉफीत ते, बर्फाच्या गोळ्यासारख्या हालोहालोत ते, ख्रिसमसच्या फ्रूट सॅलडमध्ये तर पूर येतो. आणि स्पॅगेटी गोड! वर हॉटडॉगचे लाल तुकडे, सॉसमध्ये केळ्याचा केचप. पहिल्यांदा ताटात आली तेव्हा मला वाटलं कुकचं काहीतरी बिनसलंय.

पॉपकॉर्न
केळ्याचा केचप? हलकेच घ्यायचं का हे?

दर्यावर्दी
अजिबात नाही. मारिया ओरोसा म्हणून त्यांच्या अन्नशास्त्रज्ञ होत्या, तो शोध त्यांच्या नावावर सांगतात. टोमॅटो तिथे मुबलक नव्हते, केळी भरपूर. रंग लाल घालतात म्हणून कळत नाही. बाई १९४५ च्या मनिलाच्या लढाईत गेल्या. आमच्या कुकच्या डोळ्यांत पाणी येतं हे सांगताना, केचप मात्र तो हात आखडता न घेता ओततो.

इंद्रायणी_तांदूळ
मी काही काळ फिलिपिन्समध्येच लॉस बान्योसला होतो, भाताच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत (१९६० ची स्थापना, बरेच मराठी कृषीवाले तिथे जाऊन आलेत). तिथली दोन निरीक्षणं.

डब्याचं दूध तिथे इतकं का रुजलं? दुभती जनावरं कमी, हवा दमट, फ्रीज सगळ्यांकडे नाही आणि अमेरिकन अमलात डबे जहाजाने यायचे. त्यांची देशी म्हैस, कराबाव, ही नांगराची, चिखलात राबणारी. दूध अगदी जेमतेम. बुलाकानकडे त्या दुधाच्या पास्तियास नावाच्या वड्या करतात, त्या अप्रतिम असतात, पण घरोघरी रतीब वगैरे आपल्यासारखा प्रकार नाही. पुढे १९९२ मध्ये कायदा करून त्यांनी कराबाव सुधारणेचं केंद्र काढलं आणि आपल्या मुऱ्हा जातीशी संकराचं काम चालवलं. म्हणजे हरियाणाची म्हैस तिकडे चुलत सासू झाली.

आता चित्राकडे. मोठ्या माणसाने दुधाच्या जाहिरातीत जनावर काढलं असतं तर ती काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची विलायती गाय असती. नांगराची म्हैस दुधाच्या डब्याशेजारी एजन्सी कशाला ठेवेल? मुलीने दारातलं जनावर काढलं. माझं मत मुलीला.

तिरकस
तीन विरुद्ध एक. तरी म्हणतो, मनिलातल्या आर्टिस्टला म्हैस माहीत नव्हती का? 'गावरान' वाटावं म्हणून मुद्दाम घातली असेल. आजही अंगणात तुळस आणि ओटीवर आजी घालतातच की मसाल्याच्या जाहिरातीत.

व्यंगप्रेमी
तिरकसरावांना थोडी रसद पुरवतो. तिकडे जाहिरातीसाठी चित्रं काढणारी माणसं साधी नव्हती. त्यांचे सर्वांत नावाजलेले चित्रकार फर्नांदो आमोरसोलो. गिनेब्रा सान मिगेल या जिनच्या बाटलीवर सैतानाला तुडवणारा देवदूत आहे ना, ते लेबल त्यांनी १९१७ मध्ये केलं. आजही लोक त्या बाटलीला सैतानछापच म्हणतात, देवदूताला कुणी विचारत नाही!

पुढच्या पिढीत लॅरी अल्काला. व्यंगचित्रकार, फिलिपिन्स विद्यापीठात शिकवायचे, १९५७ मध्ये त्यांनी डॅरिगोल्ड दुधासाठी कार्टून जाहिरात केली. 'स्लाइस ऑफ लाइफ' या मालिकेत गर्दीच्या चित्रात स्वतःचा चेहरा लपवायचे आणि लोक रविवारी तो शोधत बसायचे. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय कलावंताचा मान मिळाला. असे उस्ताद हाताशी असताना बालचित्राची नक्कल जमणं काय अवघड?

जुना_स्टुडिओ
अवघड आहे! अल्कालांसारख्या हाताला तर जास्तच अवघड. सराईत हात लपत नाही.

आंबटगोड
तारखेबद्दल कुणी सांगेल का? की मी आपली जिनच्या बाटल्या बघत बसू? :)

इंद्रायणी_तांदूळ
मागच्या बाजूला काय छापलंय? जाहिरातीपेक्षा पाठ जास्त बोलते.

आंबटगोड
अरे हो. मागे अध्यक्ष माकापागाल यांचा फोटो, परेडची सलामी घेताना. ओळ अर्धी फाटली आहे पण '१२ जून' आणि 'स्वातंत्र्यदिन' वाचता येतं.

इंद्रायणी_तांदूळ
मग सुटलंच की! दिओसदादो माकापागाल १९६१ च्या डिसेंबरअखेर अध्यक्ष झाले आणि १९६५ च्या डिसेंबरअखेर गेले. स्वातंत्र्यदिन आधी ४ जुलैला असायचा (अमेरिकेने सोडलं ती तारीख), तो १९६२ मध्ये त्यांनीच १२ जूनवर आणला, १८९८ च्या, स्पेनपासून स्वातंत्र्याच्या घोषणेची तारीख म्हणून. तेव्हा तुमचं पान १९६२ ते १९६५ मधल्या कुठल्या तरी जूनचं. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा लावल्यावर मोठी साप्ताहिकं एका फटक्यात बंद झाली, त्यामुळे असली पानं सुटी मिळणं हेही नशीब.

पॉपकॉर्न
दंडवत! सीआयडीत पाठवा या माणसाला.

अर्धाडॉक्टर
फिलिपिन्समध्येच, दावावला एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही इथे इतकी मराठी मुलं आहोत की गणपती पण बसतो. परीक्षा जवळ आलीय म्हणून अर्थातच इथे टाइमपास करतोय.

इथे बालचित्र आणि खाणं हे समीकरण शाळेतच पक्कं होतं. १९७४ च्या कायद्याने जुलै हा पोषण महिना ठरला, आणि त्या महिन्यात शाळाशाळांतून पोस्टर स्पर्धा. 'गो, ग्रो, ग्लो' असे अन्नाचे तीन गट शिकवतात: भात-पाव म्हणजे गो, मासे-अंडी-दूध म्हणजे ग्रो, भाज्या-फळं म्हणजे ग्लो. ऑस्लो पेपर नावाचा जाडसर पांढरा कागद मिळतो, त्यावर क्रेयॉनने गाजर, मासा आणि हसणारा दुधाचा पेला. दरवर्षी तोच पेला, तेच हसू. आमच्या घरमालकीणबाई मुलीचं पोस्टर रात्री बारापर्यंत स्वतः रंगवत होत्या. मुलगी केव्हाच झोपली होती.

दुधाच्या जाहिरातीवरून आठवलं, कम्युनिटी मेडिसिनला मिल्क कोड घोकावा लागतो. १९८६ मध्ये तेव्हाच्या अध्यक्ष कोरी अकिनो यांनी काढलेला आदेश, क्रमांक ५१. आईच्या दुधाऐवजी द्यायच्या दुधाच्या जाहिरातीला त्याने चाप लावला. पावडर गढूळ पाण्यात कालवून, पुरावी म्हणून पातळ करून बाळांना पाजली जायची, जुलाब आणि कुपोषण दोन्ही. तुमचं पान त्याच्या वीसेक वर्षं आधीचं, तेव्हा रान मोकळं होतं.

खडूफळा
अहो रात्री बारापर्यंत पोस्टर रंगवणाऱ्या आया इकडेही आहेत. एका स्पर्धेत पहिलीतल्या मुलाच्या चित्रात छायाप्रकाश, प्रतिबिंब, सगळं! बोलावून विचारलं, हे कसं काढलंस? म्हणाला, मामा आले होते.

तिरकस
=))) हा मामा मनिलालाही गेला असणार.

पण आता गंभीरपणे. समजा चित्र मुलीचंच. तिला काय मिळालं? डब्यांचं खोकं आणि शाबासकी? कंपनीला मात्र पानभर जाहिरात चित्रकाराची फी न देता. बालचित्रावर कुणी शंका घेत नाही, आईबापांचा विश्वास लगेच बसतो. हे मला सहा बोटांपेक्षा जास्त टोचतं.

व्यंगप्रेमी
सरसकट तसं नको म्हणायला. युनिसेफचं पहिलं भेटकार्ड १९४९ चं, ते यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या चेक मुलीच्या चित्राचंच होतं. युद्धानंतर तिच्या गावाला मदत पोचली म्हणून तिने ते आभारादाखल काढलं होतं. त्या कार्डांवर पुढे कितीतरी मुलांना दूध मिळालं.

तिरकस
तिने आभार मानायला काढलं आणि मग त्यांनी वापरलं. इथे उलटं आहे, आधी डबा आणि मग चित्र. फरक आहे.

जुना_स्टुडिओ
आंबटगोडताई, घरात भिंग आहे का? फोटोत एक गोष्ट खटकतेय पण खात्री नाही. दोन जागा बघा. एक, मुलीचं नाव. ती रेघ खडूची वाटत नाही, बारीक ब्रशने शाईत लिहिल्यासारखी एकसारखी आहे. दोन, डब्याची कड.

आंबटगोड
भिंग नाही, सासूबाईंचा वाचायचा चष्मा आणि मोबाइलचा झूम एकत्र करून पाहिलं. जमलं!

नाव: तुम्ही म्हणता तसंच. 'वाकडं' आहे पण जाडी कुठेच बदलत नाही.

डबा: त्याच्या उजव्या कडेला केसाएवढी करडी रेघ आहे, सावलीसारखी. डब्यावरची अक्षरं छापील आहेत, एकही तिरकी नाही. खडूची रेघ जिथे डब्याला भिडते तिथे कात्रीने कापल्यासारखी थांबते. आणि आता खरी गंमत. डब्याखालची लाल-पिवळी 'फुलं' आहेत ना, त्यांना देठच नाहीत. टोकं सगळी वर. दोन्ही बाजूंना काळपट दगडांसारखं काहीतरी. डब्याच्या वर राखाडी वेटोळं, ते मी ढग समजत होते. आणि आईचा डब्यामागे गेलेला हात पलीकडे बाहेर येतो, हातात लांब दांडा.

खडूफळा
चूल!!! ती फुलं नाहीत, जाळ आहे. आणि दांडा पळीचा.

जुना_स्टुडिओ
बरोबर. करडी रेघ म्हणजे पेस्टिंगची सावली. आर्टवर्कचा फोटो काढताना चिकटवलेल्या तुकड्याची कड नीट मारली नाही की अशी येते, पांढऱ्या रंगाने ती बुजवायची असते, कुणीतरी घाईत राहू दिली. मुलीने स्वयंपाक करणारी आई काढली होती. भांड्यावर डबा चिकटवला.

पॉपकॉर्न
म्हणजे चित्र दुधाचं नव्हतंच??

इंद्रायणी_तांदूळ
म्हणूनच म्हैस! भाताचं चित्र आहे ते. शेतातली म्हैस, चुलीवर भात.

तिरकस
म्हणजे अर्धं श्रेय माझं. दाढीवाला होताच, फक्त ब्रशऐवजी कटर घेऊन आला होता.

अर्धाडॉक्टर
मामा म्हणा.

खडूफळा
मला यात मजा नाही वाटत. डबा कुठेही लावता आला असता, आईच्या डोक्यावर, डोंगरावर, आभाळात. बरोब्बर भांड्यावरच लावला. त्या पोरीने शाळेत अभिमानाने पान दाखवलं असेल, आणि कुणीतरी विचारलं असेल की तुझी आई डबा ढवळतेय का.

जुना_स्टुडिओ
बाई, कटर चालवणाऱ्याला कुणी विचारत नाही हो. 'प्रॉडक्ट मधोमध आणि मोठं' एवढीच चिठ्ठी येते, मधोमध जे असेल ते जातं. माझ्या हातूनही गणपतीच्या उंदरावर तेलाचा डबा बसलाय.

दर्यावर्दी
तुमचा फोटो आज मेसमध्ये कुकला दाखवला, काही न सांगता. त्याने दोन सेकंदांत बोट ठेवलं: खाली कलान, म्हणजे त्यांची मातीची चूल, आणि डब्याच्या जागी पालायोक असणार, मातीचं मडकं. वर म्हणाला, हा डबा चुलीवर ठेवलेलाच बरा, लेचे फ्लान (त्यांचं कॅरमल कस्टर्ड) होईल. आज रात्री करतोय: अंड्यांचं फक्त पिवळं, कंडेन्स्ड दूध, इव्हॅपोरेटेड दूध, लिंबाची किसलेली साल, आणि लंबगोल पत्र्याच्या साच्यात आधी साखरेचा पाक जाळून.

आंबटगोड
पालायोक! मग मी उद्या परत त्या दुकानात जाते, गठ्ठ्यात अजून दोन पानं याच कंपनीची होती. एकात मुलाने काढलेली होडी आहे आणि होडीत डबा. आता सांगा, तिथे आधी काय असेल?

इंद्रायणी_तांदूळ
मासा. पैज.

तिरकस
मामा.

पॉपकॉर्न
होडी नंतर, आधी फ्लानची पाककृती टाका. वाफवायचं किती वेळ?

दर्यावर्दी
कुकला विचारून सांगतो. पिवळं किती घालायचं यावरून त्याचं आणि सेकंड कुकचं आत्ताच भांडण जुंपलंय.